झाडाची परवानगी, करवतीचे काय?

मे महिन्याचा पहिला पंधरवडा उलटला की मुंबईतील जुन्या वस्त्यांच्या गल्ल्यांतून एक कर्कश घरघर ऐकू येऊ लागते. नालेसफाईच्या जोडीने पावसाळापूर्व कामांच्या यादीत वृक्षछाटणीचा क्रमांक लागतो. मग कंत्राटदारांची माणसे टेम्पो, दोर आणि यांत्रिक करवती घेऊन रस्त्यावर उतरतात. पायात चप्पल, कमरेला दोर, एका हाताने फांदी धरलेली आणि दुसऱ्या हातात चालू यंत्र, अशा अवस्थेत एकजण दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर उभा असतो. खाली दोघे शिट्ट्या मारून रहदारी अडवतात. फांदी कोसळते, पाचोळा उडतो, थांबलेल्या मोटारी पुढे सरकतात.

हे दृश्य पाहणारा जागरूक नागरिक बहुधा एकच प्रश्न विचारतो : परवानगी घेतली आहे का? प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्यांमुळेच शहरातील अनेक झाडे आज उभी आहेत. मात्र वर चढलेल्या त्या माणसाला हे यंत्र चालवायला कुणी शिकवले, हा दुसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही. आश्चर्य याचे, की तो कायद्यालाही पडलेला नाही.

महाराष्ट्रात शहरांतील झाडांसाठी १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे. वृक्ष प्राधिकरण, वृक्ष अधिकारी, वृक्षगणना आणि परवानगी अशी त्याची चौकट आहे. झाड तोडण्याची त्यातील व्याख्याही व्यापक आहे. झाड जाळणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा पोहोचवणे हेसुद्धा तोडण्यातच मोडते. २०२१ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा मिळाला. एक झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावणे बंधनकारक झाले. नव्या रोपाची किमान उंची किती असावी, ते किती वर्षे जपावे, त्याची नोंद उपग्रहाच्या साह्याने कशी ठेवावी, इथपर्यंत तपशील ठरले. मुंबईत २०१८ च्या गणनेनुसार सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे आहेत. एवढ्या झाडांची मोजदाद ठेवणारी ही व्यवस्था आहे. तिच्यात करवत धरणाऱ्या माणसासाठी परवान्याची अट मात्र कुठेच नाही. मोटार चालवायला परवाना लागतो, विजेची जोडणी करायला लागतो. झाडावर चढून ताशी सत्तर किलोमीटरहून अधिक वेगाने फिरणारी साखळी हाती धरायला काहीही लागत नाही.

यंत्र स्वस्त झाले

१९७५ चा कायदा कुऱ्हाडीच्या काळातला होता, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. कुऱ्हाडीने वा दोघांनी ओढायच्या करवतीने मोठे झाड पाडायला अर्धा दिवस जाई. त्या अवधीत शेजारी गोळा होत, कुणी तक्रार करी, कुणी अधिकारी येई. कामाच्या संथपणातच एक प्रकारचे संरक्षण होते. यांत्रिक करवतीने हा अवधी मिनिटांवर आणला. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्यानंतर त्याच रात्री आरे वसाहतीत मेट्रो कारशेडसाठी वृक्षतोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर २ हजार १४१ झाडे पडलेली होती. त्या वादाच्या गुणावगुणांत येथे जायचे कारण नाही. पण कायद्याची पावले आणि यंत्राचा वेग यांतील अंतर तेव्हा जितके स्पष्ट दिसले तितके एरवी दिसत नाही.

आणि हे यंत्र आता केवळ सरकारी कंत्राटदारांकडे राहिलेले नाही. एकेकाळी वन विभाग, वखारी आणि मोठे बागायतदार एवढ्यांपुरतीच असलेली ही करवत आज घरबसल्या पाच-सात हजार रुपयांत मागवता येते. बॅटरीवर चालणारी छोटी करवत तर त्याहूनही स्वस्त आहे आणि ती एखाद्या स्वयंपाकघरातल्या उपकरणासारखी विकली जाते. खोक्यात यंत्र असते, एखादी जादा साखळी असते, पातळ कागदावरची सूचनापत्रिका असते. बऱ्याचदा हाच सारा अभ्यासक्रम!

या यंत्राचा धोका नेमका काय, हे समजून घेणे आवश्यक आहे. साखळीचा वेग सेकंदाला वीस मीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. तिचे दात सुरीसारखे कापत नाहीत, समोरचा भाग ओरबाडून बाहेर फेकतात. त्यामुळे जखम कापल्याची न राहता मांस निघून गेल्याची होते आणि शल्यविशारदाला शिवायला कडा उरत नाहीत. तथापि सर्वांत घातक प्रकार वेगळाच आहे. करवतीच्या पट्टीच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला टेकला की साखळी क्षणभर अडते आणि तिची सारी ताकद उलटते. पट्टी वर उसळून चालवणाऱ्याच्या खांद्याकडे, मानेकडे, चेहऱ्याकडे येते. हा उलटा झटका माणसाला प्रतिक्रिया देता येण्याच्या आत पूर्ण झालेला असतो. सावधगिरीने काम करणाऱ्यालाही तो टाळता येत नाही. टाळता येते ते पट्टीचे टोक कशालाही लागू देणे. पानांच्या दाटीत मागची फांदी दिसत नाही आणि टोक नेमके तिला लागते.

यावर उपाय म्हणून करवतीला पुढच्या मुठीसमोर एक आडवी ढाल असते. झटका बसताच ती डाव्या मनगटावर आपटते किंवा स्वतःच्या जडत्वाने पुढे झुकते आणि साखळी थांबते. दोन्ही हातांनी, अंगठा मुठीखाली गुंडाळून यंत्र धरायचे, ते यासाठी. एका हाताने करवत चालवणारा मनुष्य या संरक्षणाचा निम्मा भाग स्वतःहून सोडून देतो. शिवाय साखळीचा ब्रेक बिघडला तरी करवत चालतच राहते. जे बिघडल्याने काम अडत नाही ते दुरुस्त करण्याची घाई आपल्याकडे कुणाला असते? साखळीची धार बोथट झाल्याचेही तसेच. धारदार साखळी लाकडाच्या कपच्या उडवते, बोथट साखळी पिठासारखा भुसा काढते. पीठ निघू लागले की थांबून कानशीने धार लावायची असते. प्रत्यक्षात हाताचा जोर वाढवला जातो.

पुस्तकातले झाड आणि रस्त्यावरचे झाड

झाड पाडण्याचे शास्त्र तसे नवे नाही. झाड कुठे झुकले आहे, वरचा भार कोणत्या अंगाला आहे, खोड आतून पोकळ आहे का, वारा कुठला, हे आधी पाहायचे. पडण्याच्या दिशेकडील बाजूला खोडाच्या जाडीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढी खाच घ्यायची. मग मागच्या अंगाने काप घेत यायचे, पण आरपार जायचे नाही. दोन्ही कापांमध्ये जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी लाकडाची पट्टी अखंड ठेवायची. दोन फूट जाड खोडात ही पट्टी जेमतेम अडीच इंचांची असते. झाडाची बिजागरी ती. दरवाजा जसा बिजागरीवर फिरतो तसे झाड या पट्टीवर वळत ठरलेल्या दिशेने खाली येते. बिजागरी कापली गेली की झाडाला दिशा उरत नाही. फार जाड ठेवली आणि झाड पुढे झुकलेले असले तर खोड मधोमध उभे फाटते आणि फाटलेला भाग मागे उभ्या असलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर उसळतो. कापात पाचर ठोकायची ती झाड मागे बसून पट्टी अडकू नये म्हणून. पाचर अवेळी उपटणाऱ्या पंचतंत्रातील माकडाचे काय झाले, हे मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक आहे.

पळण्याची वाट आधी मोकळी करायची, हा या शास्त्रातील पहिला धडा. ती सरळ मागे नसते. पडण्याच्या दिशेच्या विरुद्ध, पण डावीकडे वा उजवीकडे तिरकी असते. कारण बुंधा सरळ मागेही झटकू शकतो. झाड हलू लागताच यंत्र थांबवून त्या वाटेने दूर व्हायचे. बाकीच्यांनी झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर राहायचे.

येथेच पुस्तक आणि रस्ता यांची फारकत होते. साठ फुटी वर्षावृक्षासाठी चारही बाजूंनी एकशेवीस फूट मोकळी जागा हिंदू कॉलनीत कुठून आणायची? पळण्याच्या वाटेवर दुचाक्या उभ्या असतात, मागे कुंपणाची भिंत असते, डोक्यावर केबलची जाळी असते. उपनगरांत आणि राज्यातील बहुतेक शहरांत विजेच्या उघड्या तारांची त्यात भर पडते. म्हणूनच शहरातले मोठे झाड एका घावात पाडले जात नाही. शेंड्याकडून तुकड्यातुकड्याने उतरवले जाते. याचा अर्थ असा की जंगलात जमिनीवर उभे राहून करायचे काम शहरात उंचावर, दोरावर लोंबकळत करावे लागते. एक फूट जाडीची आणि दहा फूट लांबीची ओली फांदी दीडशे ते दोनशे किलो भरते. ती दोराने बांधून, बुंध्याला वेढा देऊन हळूहळू सोडायची असते. दोर धरणाऱ्यांनी तो हाताला गुंडाळला तर फांदीबरोबर माणूस उचलला जातो. शिडीवर उभे राहून किंवा खांद्याच्या वर हात नेऊन करवत चालवू नये, हा नियम जगभर सारखा आहे. आपल्याकडे लाकडी शिडी हेच अनेकदा मुख्य साधन असते.

सुरक्षा साहित्याबाबत एक गोष्ट कबूल करायला हवी. करवतीच्या कामासाठी खास विजारी मिळतात. त्यांच्या आतील लांब तंतू साखळीत ओढले जाऊन ती जागच्या जागी बंद पाडतात. पण त्या थंड देशांसाठी घडवलेल्या आहेत. मे महिन्यातील मुंबईच्या दमट उकाड्यात त्या घालून दिवसभर झाडावर राहणे सोपे नाही आणि त्यांची किंमत अनेकदा स्वस्त करवतीहून जास्त असते. तेव्हा कामगार निष्काळजी आहेत असे म्हणून मोकळे होण्यात अर्थ नाही. परंतु जाळीदार मुखवटा असलेले शिरस्त्राण, कानांचे आवरण आणि पायात भक्कम बूट यांना हवामानाची सबब नाही. शंभर डेसिबलच्या पलीकडे जाणाऱ्या आवाजात वर्षानुवर्षे काम करणाऱ्याची श्रवणशक्ती हळूहळू जाते आणि तिची नोंद अपघात म्हणून कधीच होत नाही.

वादळात पडलेल्या झाडाचा हिशेब आणखी निराळा असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड आणि खाली दापोली-मंडणगडपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. रस्ते मोकळे करण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके करवती घेऊन आली. पण वाड्यांमधील झाडे अखेर गावकऱ्यांनाच हाताळावी लागली. पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ रोजी, तौक्ते वादळाने मुंबईत दोन हजारांहून अधिक झाडे पाडली. उभे झाड वरून खाली पडते, एवढे तरी निश्चित असते. आडवे पडलेले झाड मात्र ताणलेल्या धनुष्यासारखे असते. त्याच्या वाकलेल्या फांदीची एक बाजू दाबलेली असते, दुसरी ताणलेली. ताणलेल्या बाजूने आधी खोल काप घेतला की फांदी फुटून उसळते. दाबलेल्या बाजूला थोडा काप देऊन मगच ताणलेली बाजू हळूहळू सोडवायची असते. मुळासकट उपटलेल्या झाडाचा बुंधा कापला की वजन गेलेली मुळांची गड्डी मातीसह पुन्हा उभी होऊन खड्ड्यात बसते. त्या खड्ड्याच्या काठावर मुले खेळत असतात, उत्सुक मंडळी मोबाइलवर छायाचित्रे घेत असतात. नारळावर लीलया चढणाऱ्या अनुभवी पाडेल्यालाही आडव्या पडलेल्या झाडाचे हे वागणे माहीत असेलच असे नाही, कारण त्याचे सारे आयुष्य उभ्या झाडांवर गेलेले असते.

आजची छाटणी, उद्याची दुर्घटना

हा प्रश्न करवत चालवणाऱ्या काही हजार माणसांपुरता आहे, असे वाटण्याचा संभव आहे. तसे ते नाही. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला रस्त्याने चाललेल्या एका महिलेवर नारळाचे झाड कोसळले आणि तिचा मृत्यू झाला. टिपलेल्या चित्रणामुळे ती घटना देशभर पाहिली गेली. प्रत्येक पावसाळ्यात अशा बातम्या येतात आणि प्रत्येक वेळी दोष वाऱ्यावर जातो. झाड का पडले, याची उत्तरे मात्र अनेक असतात. मुळांपर्यंत आलेले काँक्रीट हे एक. झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीसंदर्भात २०१३ मध्येच दिले होते. दुसरे उत्तर, ज्याची चर्चा कमी होते, ते वाईट छाटणीचे.

अमेरिकी वनसेवेतील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून दाखवून दिले की झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड ती आतून भिंती घालून वेगळी करते. गंमत म्हणजे खोडे अशी उभी चिरण्यासाठी त्यांनी वापरले ते हेच यंत्र. फांदीच्या मुळाशी असलेल्या सुरकुतलेल्या, फुगीर कड्याच्या बाहेर काप घेतला तर ही भिंत उभी राहते. खोडाला अगदी लागून कापले तर कडे जाते. लांब खुंट सोडला तर तो सडतो आणि कीड आत शिरते. जड फांदी आधी खालून थोडी, मग जरा बाहेरच्या अंगाला वरून आणि शेवटी उरलेला खुंट कड्याशी, अशी तीन कापांत काढायची असते. एकाच कापात काढली की ती पडताना खोडाची साल हातभर सोलत नेते. गुलमोहर, सोनमोहर यांसारखी ठिसूळ लाकडाची झाडे या घावांतून आतल्या आत पोकळ होत जातात. एका बाजूच्या तारा वा दुकानाची पाटी मोकळी करण्यासाठी अर्धे छाटलेले झाड दुसऱ्या बाजूला झुकते. शेंडा उडवलेले झाड भराभर नवे फुटवे काढते, पण ते वरवर चिकटलेले असतात. चार-पाच वर्षांनी तेच वाऱ्यात खाली येतात. तोवर छाटणीचे देयक कधीच मंजूर झालेले असते.

म्हणजे करवत्याची सुरक्षा आणि पादचाऱ्याची सुरक्षा या दोन गोष्टी नाहीत. ज्याला तीन काप ठाऊक आहेत तो स्वतःही वाचतो आणि झाडालाही वाचवतो.

ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनुसार झाडावर वा झाडाशी करवतीने काम करणाऱ्याकडे योग्यतेचे प्रमाणपत्र असावे लागते. अमेरिकेत वृक्षतोडीच्या व्यवसायासाठी स्वतंत्र सुरक्षा नियम आहेत आणि त्यांत प्रत्येक कामगाराला प्रथमोपचाराचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. तरीही तेथे हा व्यवसाय सर्वांत प्राणघातक व्यवसायांच्या यादीत वरच्या क्रमांकावर असतो. नियम करून धोका संपत नाही, याची ही कबुलीच. नियम नसताना तो किती असेल, हे मोजण्याची सोयही आपल्याकडे नाही, कारण झाडावरून पडलेला मजूर सरकारदरबारी फक्त 'पडून जखमी' असतो.

नव्या कामगार संहितांकडून अपेक्षा ठेवायला जागा आहे, पण मर्यादित. व्यवसायसुरक्षेची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिचा भर साधारणतः दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर आहे. झाड छाटणारी टोळी असते पाच-सहा जणांची, त्यातले दोघे त्या दिवशी सकाळी नाक्यावरून आणलेले. महापालिका कंत्राट देते, कंत्राटदार उपकंत्राटदाराला देतो आणि यंत्र बहुधा तिसऱ्याचेच असते. कायदा बदलण्याची वाट न पाहताही महापालिकांना एक गोष्ट करता येईल. निविदेच्या अटींत प्रशिक्षित चालकाचे नाव, साहित्याची यादी आणि कामाच्या जागी उद्यान खात्याच्या जाणकार अधिकाऱ्याची हजेरी बंधनकारक करता येईल. वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीपत्रावर तोडण्याच्या झाडांच्या संख्येबरोबर तोडणाऱ्याचे नाव नोंदवायला कोणत्या दुरुस्तीची गरज आहे?

गृहनिर्माण संस्थांच्या आवारातील झाडांचे प्रकरण तर अधिकच नाजूक आहे. त्यांच्या देखभालीची जबाबदारी संस्थेची. महापालिकेची परवानगी हाती आली की सचिव सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला बोलावतात. कामावर नेमणाऱ्याची भरपाईची जबाबदारी कंत्राटदार मध्ये असल्याने संपत नाही, हे तत्त्व आपल्या कायद्यात १९२३ पासून मान्य आहे. दर ठरवताना विम्याची कागदपत्रे मागणारे सचिव मात्र विरळाच. विमा आहे का, चालकाने हे काम पूर्वी किती केले आहे, खाली दोर कोण धरणार, तारांतील वीज बंद करण्यासाठी वीज कंपनीला कळवले आहे का, ही चौकशी पाच मिनिटांची आहे. एका हातात करवत घेऊन शिडीवर चढणाऱ्या माणसाला त्याच क्षणी खाली उतरवण्याचा अधिकार संस्थेला आहे आणि तो वापरायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

हवामान खात्याच्या सुधारित वेळापत्रकानुसार मोसमी पाऊस मुंबईत साधारणतः ११ जूनला पोहोचतो. छाटणीची कामे वर्षभर विभागून करता येण्याजोगी असतात, निदान हिवाळ्यापासून तरी. प्रत्यक्षात त्यांतील मोठा भाग मेच्या शेवटच्या आठवड्यांत उरकला जातो. त्या दिवसांत टोळ्यांना रात्रीही काम असते, दिव्याच्या खांबाच्या उजेडात. करवतीला पुन्हा पेट्रोल भरले जाते, साखळीची धार सकाळी पाहू असे ठरते आणि टेम्पो पुढच्या गल्लीकडे वळतो.